अंगण खरंच वाकडं असेल तर?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी काट्यावर चढण्याआधी मान वर करून बघतो, काटा शून्यावर आहे ना. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर बोंब होते आणि व्हायलाच हवी. पेट्रोल पंपावर आपण शून्य बघतो. सोनाराकडे तर श्वाससुद्धा रोखून धरतो, पंख्याच्या वाऱ्याने तराजू हलला तर काय घ्या! आणि याच शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा अंबडला पाच-सहा व्हीएमसी टाकून बसला, की त्या मशीनचं शून्य नक्की कुठे आहे हे वर्षानुवर्षं विचारत नाही. कांद्याच्या काट्यात दोनशे ग्रॅमची खोट असली तर तो भांडेल, पण चाळीस लाखाच्या मशीनमध्ये किती खोट आहे हे त्याला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

मंडळी, लेख थोडा तांत्रिक आहे, पण पळून जाऊ नका. विशेषतः आमची नातेवाईक मंडळी, जी दर दिवाळीला फराळाच्या ताटावर 'तू तिकडे सातपूरला नक्की करतोस तरी काय रे?' असं विचारतात आणि मी दुसरं वाक्य बोलायच्या आत चकलीकडे वळतात. त्यांनी तर नक्कीच वाचावा. मी मशीन मोजतो. मशीनने केलेला जॉब नाही, मशीन. आणि हे काम नाशिकमध्ये बहुतेकांना फालतू खर्च वाटतं, म्हणून हा संताप.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. 'येऊन कॅलिब्रेट करून द्या, जॉब चुकतोय,' असा फोन येतो तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटत असतं की मी पाना घेऊन येणार आणि काहीतरी पिळून जाणार. कॅलिब्रेशन म्हणजे फक्त एवढंच, की ज्याची चूक आपल्याला ठाऊक आहे अशा मापाशी तुमची वस्तू ताडून बघायची आणि ती किती चुकते ते लिहून द्यायचं. आणि आपल्या स्वतःच्या सांगण्यात किती शंका आहे तेही लिहायचं. घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याची बस चुकत नाही. ज्याला आपलं घड्याळ बरोबरच आहे असं वाटतं तो स्टँडवर धावतो. चूक असण्याने फारसं बिघडत नाही हो, चूक माहीत नसण्याने बिघडतं. दुरुस्ती ही पुढची पायरी, आणि ती करायची की नाही हे मोजल्यावर ठरवायचं.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगतो. कुठल्याही बऱ्यापैकी शॉपमध्ये जा. व्हर्निअरवर हिरवा स्टिकर, मायक्रोमीटरवर हिरवा स्टिकर, प्लग गेजवर स्टिकर, हाइट गेजवर स्टिकर. तारीख, पुढची तारीख, सही. फाईल झकास. कारण ऑडिटर ते बघतो. आयएटीएफ १६९४९ मध्ये मोजायच्या साधनांसाठी वेगळं कलम आहे, आणि मशीन येतं देखभालीच्या कलमात. त्यामुळे मोजणाऱ्या साधनाला दाखला लागतो आणि ज्या मशीनने प्रत्यक्ष माप घडवलं त्याला फक्त तेल-पाण्याचा तक्ता. तो तक्ता महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. ऑडिटरलाही! मशीनवर स्टिकर शोधायला गेलात तर लिंबू-मिरची सापडेल आणि गेल्या दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं तोरण.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आम्ही पोहरा मोजत बसतो.

याहून भारी प्रकार म्हणजे मशीनवरच्या प्रोबने जॉब तपासणं. प्रोब ही सुंदर वस्तू आहे. डेव्हिड मॅकमर्ट्री या माणसाने ती काँकॉर्ड विमानाच्या इंजिनाच्या कामासाठी शोधली आणि पुढे १९७३ मध्ये त्यातून रेनिशॉ ही कंपनी उभी राहिली. सेटिंगचा वेळ वाचवायला तिला तोड नाही. पण जो टेबल तिरका सरकून भोक चुकीच्या जागी पाडतो, तोच टेबल तितकाच तिरका सरकून प्रोबला त्या भोकात नेतो आणि सांगतो, 'साहेब, भोक अगदी जागेवर आहे.' स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. शंभरपैकी शंभर!

हबल दुर्बिणीची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. आरसा खडबडीत नव्हता, उलट अतिशय नेटका घासलेला होता, फक्त चुकीच्या आकारात. २.४ मीटरच्या आरशाची कड साधारण २ मायक्रॉनने जास्त सपाट. कारण, आरसा ज्या उपकरणाने तपासत होते त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. आणि मला सगळ्यात झोंबणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या साध्या उपकरणांनी गडबड दाखवली होती. पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून जणू चष्मा बसवावा लागला. नासाची ही कथा, तर अंबडच्या गाळ्यात काय होत असेल! फरक एवढाच, की हबलच्या वेळी चौकशी समिती बसली. आपल्याकडे सेटरची नोकरी जाते.

गेलीच आहे. बघितलेली गोष्ट आहे, शॉपचं नाव घेत नाही. ॲल्युमिनियमची हाऊसिंग, त्यात कोपऱ्यांना डॉवेलची भोकं, एकमेकांपासून २०० मिलिमीटरवर. ड्रॉइंगमध्ये जागेची मुभा प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन. (नातेवाईकांसाठी: आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) ग्राहकाच्या सीएमएमवर जॉब नापास, मशीनच्या प्रोबवर पास. आयटीआय झालेला, कंत्राटावरचा एक मुलगा सेटर होता. तो बिचारा रोज ऑफसेट हलवायचा. डावीकडचं भोक जागेवर आणलं की उजवीकडचं बाहेर जायचं, कारण ऑफसेटने सगळी नक्षी एकत्र सरकते, तिचा तिरकेपणा जात नाही. हे त्याला कळत होतं. सुपरवायझरला त्याने सांगितलं, 'सर, मशीन गुण्यात नाही.' उत्तर काय मिळालं असेल? नाचता येईना अंगण वाकडं!

पण अंगण खरंच वाकडं असेल तर?

डेबिट नोट आली, मुलगा घरी गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुसऱ्या सेटरच्या हातूनही तेच व्हायला लागल्यावर, मला बोलावलं. बॉलबार लावला. एक्स आणि वाय हे दोन अक्ष काटकोनात नव्हते, मीटरला १०० मायक्रॉनची फट. म्हणजे २०० मिलिमीटरच्या अंतरात २० मायक्रॉन मशीननेच खाऊन टाकले होते. सेटरच्या वाट्याला उरले पाच. त्या पाचात त्याने हत्याराची झीज सांभाळायची, तापमान सांभाळायचं आणि नोकरीही. विचारपूस केली तेव्हा कळलं, की मशीन आधी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. पावसाळ्याआधी छप्पर गळतं म्हणून हलवलं. काळ्या मातीवरच्या पातळ कोब्यावर ठेवलं आणि लेव्हल केली ती गवंड्याच्या पाणसळीने. मशीनच्या लेव्हलसाठी मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल लागते. गवंड्याच्या पाणसळीने ओटा होतो, व्हीएमसी नाही. पावसात काळी माती फुगली, पायाखालचे जॅक असमान दबले, बेडला पीळ बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तो मुलगा तोवर चाकणला गेला होता. पुन्हा लेव्हल करून, भूमिती बसवून मशीन दीड दिवसात सरळ झालं. डेबिट नोट मात्र कुणी परत घेतली नाही आणि त्या मुलाला कुणी फोनही केला नाही.

'मशीन बंद ठेवणं परवडत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कारखान्याच्या दारावर कोरायला हरकत नाही. ठीक. हिशोब करू. ताशी मशीनचा दर पाचशे रुपये धरा. बॉलबारची चाचणी म्हणजे दोन चुंबकी कपांमध्ये एक लांबी मोजणारी दांडी, मशीनला सांगायचं की १०० मिलिमीटर त्रिज्येचा गोल काढ, एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलटा. मांडामांड धरून अर्धा तास. म्हणजे अडीचशे रुपये बुडाले, वर माझी फी. लेसर लावून तिन्ही अक्ष मोजायचे तर अर्धा दिवस ते एक दिवस, चार हजारापर्यंत धरा. आता दुसऱ्या बाजूला दोनशे कास्टिंग भंगारात, त्यांचं मशीनिंग, ग्राहकाकडे छाननी करायला पाठवलेली दोन पोरं, त्यांचं जेवण, परतीचा टेम्पो. हे सगळं 'बंद' मध्ये धरत नाहीत, कारण मशीन त्या वेळी चालू असतं ना! दिवसभर भंगार काढणारं मशीन रजिस्टरमध्ये 'शंभर टक्के चालू' असतं. आता बोला.

आणि खरा बंदचा फटका तर वेगळाच. बॉलस्क्रू किंवा त्याचं बेअरिंग एका रात्रीत मरत नाही. महिनोन्महिने कुरकुरतं. बॉलबारच्या गोलावर ते दिसतं. अक्ष दिशा बदलतो त्या जागी पायरी दिसली की बॅकलॅश. काटेरी टोक आलं की घर्षण किंवा सर्व्होची ढिलाई. गोल तिरका लंबगोल झाला आणि दोन्ही दिशांना तसाच राहिला तर गुण्या गेला. दिशा बदलल्यावर लंबगोलही कूस बदलत असेल तर दोन अक्षांचे सर्व्हो एकमेकांशी जुळत नाहीत. एका चित्रात डॉक्टरच्या ईसीजीसारखं सगळं. हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जिम ब्रायन यांनी आणला. दर तीन महिन्यांनी गोल काढून फाईलला लावत गेलात तर बॅकलॅश ५ वरून ८, ८ वरून १४ होताना दिसतो आणि बॉलस्क्रूची ऑर्डर आधी देता येते. नाहीतर तो ऐन मार्चएंडला बसतो आणि बाहेरून पार्ट यायला कित्येक आठवडे. मग बंद परवडतं?

यावर हुशार मंडळींचं उत्तर असतं, 'कंट्रोलरमध्ये कॉम्पेन्सेशन मारा ना.' मारता येतं. लेसरने ठराविक अंतरांवर चूक मोजायची आणि कंट्रोलरला सांगायचं की इथे ६ मायक्रॉन कमी जा, तिथे ४ जास्त. धडधाकट मशीनला हे उत्तम. पण झिजलेल्या स्क्रूला, ढिल्या गिबला आणि पीळ बसलेल्या बेडला आकडे भरून ठीक करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर. पुढच्या पावसाळ्यापर्यंत छान दिसतं. आणि हे डिस्टेंपर मारून 'कॅलिब्रेशन केलं' असा दाखला देणारे आमच्याच धंद्यात आहेत, हेही लिहून टाकतो. दुपारी येतात, मशीन गरम आहे की थंड विचारत नाहीत, आधीचे आकडे जपून ठेवत नाहीत, एका पानाचा रंगीत दाखला आणि बिल देतात. दाखल्यावर मोजमापातली अनिश्चितता लिहिलेली नसेल आणि 'आधी' चे आकडे नसतील, तर तो कागद पाडव्याच्या भेटकार्डाच्या लायकीचा.

तापमानाचं निघालंच आहे तर. जगभर लांबी मोजायची ती २० अंश सेल्सिअसला, असं १९३१ पासून ठरलेलं आहे. नाशिकच्या हवामानाने हे वाचलेलं नाही! जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला पारा दहाच्या आसपास किंवा खाली, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली चाळीसच्या वर. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट, २३. ३०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब ३५ अंशाला पोलादी व्हर्निअरने मोजलात तर जॉब १०० मायक्रॉनच्या वर वाढलेला असतो, व्हर्निअर ५० च्या आसपास, आणि उरलेले ५० मायक्रॉन कुणाच्या खात्यावर? सेटरच्या. सकाळचे जॉब पास, दुपारचे नापास, मग दुपारच्या शिफ्टचा मुलगा 'लक्ष देत नाही'. वड्याचं तेल वांग्यावर. वातानुकूलित शेड सगळ्यांना परवडत नाही हे मला कळतं. पण सकाळी वीस मिनिटं स्पिंडल आणि अक्ष रिकामे फिरवून मशीन कोमट करायला, भिंतीवर शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर लावायला आणि मापाच्या शेजारी तापमान लिहायला तर पैसे लागत नाहीत?

बरं, हे ज्ञान नवीन आहे असंही नाही. बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेझिंगर यांनी मशीन टूल कसं तपासावं याचं पुस्तक १९२७ सालीच लिहिलं. मँड्रेल, डायल, लेव्हल, सरळपट्टी, एवढ्यावर. (नाझी आले आणि या ज्यू प्राध्यापकाला देश सोडावा लागला, शेवटी ते इंग्लंडला गेले. पुस्तक मात्र जगभरच्या कारखान्यांत राहिलं.) जुन्या लेथबरोबर त्याच वळणाचा टेस्ट चार्ट यायचा आणि जुने फिटर तो ट्रंकेत जपून ठेवायचे. नाशिकला हे शिकवणारी माणसंही होती. १९६४ मध्ये ओझरला मिग-२१ बांधायला एचएएल आली. सातपूरला मायको आली, जिचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, आणि डिझेलच्या नोझलमध्ये सुई आणि बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. तिथे घडलेले फिटर निवृत्त होऊन इथेच इंदिरानगर-सिडकोत राहतात, सकाळी गंगेवर फिरायला जातात. त्यांना विचारायला कुणी जात नाही. मला मशीनच्या बेडवर डायल कसा ठेवायचा हे अशाच एका काकांनी शिकवलं. ते म्हणायचे, आधी डायलवर शंका घे, मग स्टँडवर, मग स्वतःच्या हातावर आणि सगळ्यात शेवटी मशीनवर. आता लोक शंका घेतात ती थेट माणसावर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरहून उडालं. अभिमान वाटला, टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जो उठतो तो 'आम्हीही एरोस्पेसमध्ये उतरणार'. उतरा की! पण विमानाच्या कामात 'मशीन कशाला मोजायचं' हे चालत नाही. पाणसळीने लेव्हल केलेल्या मशीनवर कंस बनवून एरोस्पेसचा बोर्ड लावता येईल, ऑर्डर टिकणार नाही.

सगळा दोष छोट्या मालकावर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. बँकेचा हप्ता त्याचा, दर वर्षी दर कमी करून मागणारा ग्राहक त्याचा, आणि 'उद्या सकाळी गाडी लागली नाही तर लाईन बंद पडेल' अशी धमकीही त्यालाच. मोठ्या कंपन्या विक्रेत्याकडून दाखल्यांची फाईल मागतात, पण मशीनचे गोल दाखव असं किती जण म्हणतात? आणि दर ठरवताना मशीन तपासणीच्या वेळेला एक रुपया तरी धरतात का? धरत नाहीत, आणि मग डेबिट नोट पाठवायला मोकळे. मी तर म्हणतो, डेबिट नोट आली की मालकाने आणि सेटरने आधी मशीनचा शेवटचा गोल मागावा. तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली तर माणसाला घरी पाठवायचा विषय तिथेच बंद व्हायला हवा.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. काही शॉपमध्ये कॅलिब्रेशनही त्याच मुहूर्तावर होतं की काय, अशी मला शंका आहे. याचा अर्थ दर महिन्याला सगळं मोजा असा नाही. तसं सांगणाराही तुम्हाला लुबाडतोय. नवं मशीन बसवल्यावर, हलवल्यावर आणि टक्कर झाल्यावर मोजायचंच. एरवी पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी गोल काढा, आकडे हलत नसतील तर अंतर वाढवा, हलत असतील तर कमी करा. आणि टक्कर झाली हे सांगणाऱ्या मुलाचा पगार कापू नका. रात्रपाळीत टूल जॉबमध्ये घुसलं आणि पगार कापला जाणार असेल तर सकाळी कोण सांगेल? बॉलबार एकट्याला महाग वाटत असेल तर एका गल्लीतल्या आठ-दहा जणांनी मिळून घ्या. द्राक्ष बागाईतदार फवारणीचा ब्लोअर भाड्याने आणतात, मग आपल्याला काय झालं?

वेळ नाही म्हणता, तर तोही आहे. खंडेनवमीला सगळ्या नाशिकमध्ये मशीन बंद असतात. पुसून लख्ख केलेली, हार घातलेली, हळदकुंकू लावलेली. अशी स्वच्छ आणि थंड मशीन मला वर्षात दुसऱ्या दिवशी बघायला मिळत नाहीत. यंदा त्या दिवशी गोल काढू, असं मी चार-पाच ओळखीच्या मालकांना सुचवलं. दोघांनी हो म्हटलंय. तिसऱ्याने विचारलं, नारळ आधी फोडायचा की नंतर? आधी फोडा, म्हटलं, फक्त पाणी बेडवर सांडू देऊ नका.